आधी गवत दाखवा

बाळकुमला आमच्या घरामागे पत्र्याचा गाळा होता. त्यात बावीस वर्षं एक भाडेकरू राहिला. त्याचा धंदा होता गवत कापायची जुनी मशिनं विकायचा, आणि गिऱ्हाईक दारात आलं की त्याला राग यायचा. असा दुकानदार मी दुसरा पाहिला नाही. पाहायची हौसही नाही.

ही मशिनं म्हणजे हल्लीची पेट्रोलवर गुरगुरणारी नव्हेत. हाताने ढकलायची, मागे बिडाचा रूळ, पुढे पात्यांचा गोल पिंजरा. काही इंग्रजांच्या वेळची, बाकीची नंतर कंपन्यांनी घेतलेली. एकेक इतकं जड की उचलायला दोन माणसं लागायची. तो मात्र एकटाच ढकलत अंगणातून न्यायचा आणि माझ्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर रुळाचा पट्टा उमटायचा. मी ओरडले की म्हणायचा, "वहिनी, सरळ आला की नाही बघा."

आमचं घर शेतकऱ्याचं. आमच्यात गवत उपटतात. खाचरात भातापेक्षा गवत जास्त दिसलं की सासू सगळ्यांसमोर माझी लाज काढायची. आणि इथे लोक मुद्दाम गवत लावतात, त्याला पाणी घालतात, वाढलं की कापतात आणि कापलेलं गुरांनाही घालत नाहीत. मी पहिल्याच आठवड्यात त्याला विचारलं, हे सगळं कशासाठी. तो म्हणाला, "चालायला." मी म्हटलं, चालायला रस्ता आहे की. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जशी मीच त्याची भाडेकरू.

या माणसाबद्दल सांगायचं तर आमच्या जागेचं आधी सांगावं लागेल. तीन वर्षांपूर्वी आमच्या भावकीने जागा बिल्डरला द्यायची ठरवली. चार भावांचा वाटा. माझा नवरा जाऊन खूप वर्षं झाली, पण त्याच्या वाट्याचा फ्लॅट माझ्या नावावर होणार होता. माझं नाव रेशनकार्ड सोडून कुठल्या कागदावर कधी आलं नव्हतं. दीर, जावा, पुतणे सगळे भाड्याच्या खोल्यांत गेले. बिल्डरचा माणूस म्हणाला, जागा पूर्ण रिकामी झाल्याशिवाय पाडायला सुरुवात होणार नाही. पूर्ण म्हणजे माझ्या मागचा गाळासुद्धा. आणि गाळ्यात होती एकतीस मशिनं आणि हा म्हातारा. थोरले दीर रोज सकाळी फोन करून विचारायचे, "गेला का गो तुझा गवतवाला?"

तो काही भांडणारा नव्हता. जातो म्हणाला, ज्या दिवशी सांगितलं त्याच दिवशी. चिपळूणला त्याची मुलगी होती, तिच्याकडे जायचं ठरलं होतं. मला दोन महिने द्या म्हणाला, मशिनं चांगल्या घरी देतो आणि जातो. मी दिले. अडचण होती ती "चांगल्या घरी" या शब्दांत.

कारण त्याचा एक नियम होता. गिऱ्हाईक आलं की तो मशीन दाखवायचा नाही. आधी विचारायचा, "गवत कुठे आहे तुमचं?" मग पिशवी घेऊन, बस पकडून गिऱ्हाइकाच्या घरी गवत बघायला जायचा. तिथे चपला काढायचा आणि अनवाणी गवतावर फिरायचा. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला, परत इकडे. पाणी कधी घालता, कोण कापतं, कुत्रा आहे का, पोरं क्रिकेट खेळतात का. मुलगी बघायला गेलेली माणसंसुद्धा एवढं विचारत नाहीत. आणि इतकं करून दहातल्या सात जणांना नाही म्हणायचा.

डोंबिवलीचे एक रिटायर साहेब होते. पूर्वेला जुना बंगला, पुढे जरा बाग. बागेत उभं करायला जुनं मशीन हवं, आणि कधीमधी चालवूही, असं त्यांचं म्हणणं. हा जाऊन बघून आला. साहेबांना तोंडावर सांगून आला की तुम्हाला मशीन नको, कात्री पुरे. दुसऱ्या दिवशी साहेब रिक्षा करून माझ्या दारात. गाळा तुमचा आहे, म्हणाले, तुमच्या माणसाला बोलायची रीत शिकवा. मी म्हटलं, साहेब, मी चौथी शिकलेली, मी कुणाला काय शिकवणार. त्यांना पाणी दिलं, चहा दिला. हा तोवर गाळ्यात शीळ घालत पाती घासत होता. साहेब गेल्यावर मी विचारलं, एवढं काय वाईट होतं त्यांच्या गवतात? म्हणाला, "वाईट नव्हतं. कमी होतं."

याच्यासारखे आणखी दोघे याच धंद्यात होते आणि त्यांची सगळी हकीकत मला तोंडपाठ आहे. विचारलं म्हणून नव्हे. सुक्या मासळीच्या वाकट्या साफ करत ओटीवर बसलं की तो समोर येऊन सांगायचा, आणि सांगितलेलं विसरून परत सांगायचा.

पूर्वी ठाण्यापासून थेट कल्याणपर्यंत कंपन्याच कंपन्या होत्या, आणि प्रत्येक कंपनीच्या गेटच्या आत साहेबांच्या ऑफिसपुढे हिरवळ. ठाण्यात बाजारपेठेत एका घराण्याचं लोखंडी सामानाचं दुकान होतं, ते या कंपन्यांना नवी मशिनं पुरवायचं आणि बदल्यात जुनी घ्यायचं. जुनी मशिनं माळ्यावर पडून राहायची. मग बंगलेवाले ती मागायला लागले. असा जुन्याचा धंदा सुरू झाला. तो शेठ गेल्यावर त्याच्या घरच्यांनी माळा झाडला आणि आता तिथे मोबाइलची कव्हरं लटकतात.

दुसरा विठ्ठलवाडीचा, स्टेशनजवळच्या भंगाराच्या गल्लीतला. कंपन्या बंद पडायला लागल्या तेव्हा हा लिलावात वजनावर माल उचलायचा. मोटारी, पंखे, कपाटं, त्यातच गवताची मशिनं. गंज काढायचा, हिरवा रंग मारायचा, विलायतेचा बिल्ला ठोकायचा आणि फॉरेनचं म्हणून विकायचा. बिल्ले गल्लीतच बनत.

तिसरा आमचा. हा एका कंपनीत फिटर होता. कंपनी बंद झाली, गेटला कुलूप लागलं, आणि महिनाभर सगळे कामगार गेटबाहेर बसले होते. बाकीचे आत बघत होते ते मशिनरी जाते की काय म्हणून. हा म्हणे बघत होता की हिरवळ वाढतेय आणि कुणी कापत नाही. शेवटी वॉचमनला सांगून आत गेला, मशीन काढलं आणि कापून आला. घरात पगार नाही, बायको दुसऱ्यांच्या मशीनवर शिवण घेते, आणि हा बंद कंपनीचं गवत कापतो. पुढे कंपनीने ते मशीन त्याला असंच देऊन टाकलं. ते त्याचं पहिलं.

विठ्ठलवाडीवाल्याशी त्याचं बोलणं बंद होतं. एकदा त्याच्याकडून एक मशीन आणलं, खोलून बघितलं, तर पात्याखालची पट्टी दरवाजाच्या कडीच्या लोखंडाची. तेव्हापासून त्याचं नावसुद्धा घ्यायचा नाही, "तो रंगारी" म्हणायचा.

ती खालची पट्टी म्हणजे त्याचा जीव. मशीन नीट लागलं की नाही हे बघायला तो पात्यात कागद धरायचा आणि हाताने पिंजरा हळू फिरवायचा. कागद या टोकापासून त्या टोकापर्यंत कैचीने कापल्यासारखा कापला गेला पाहिजे. एका जागी जरी चुरगळला तरी परत सगळं खोलायचं. आणि कागद कुठला? जो हाताला लागेल तो. पेपर सकाळचा, मी वाचायच्या आधीचा. मी सावकाश वाचते, पण वाचते. रोज बातम्यांच्या पट्ट्या गोळा करून वाचायच्या म्हणजे काय ते वाचणाऱ्यालाच कळेल. एकदा कोपरच्या हळदीची पत्रिका आली. वरचा पुठ्ठा त्याला जाड वाटला असेल, तो ओट्यावर ठेवला आणि आतला पातळ कागद कापला. कुणाची हळद ते मला कळत होतं, कुठल्या मैदानात ते नाही. आम्ही तिघी बायका नटूनथटून कोपरला उतरलो आणि त्या दिवशी कोपरला चार हळदी होत्या. दुसऱ्याच कुणाच्या मांडवात जेवून आलो. घरी आल्यावर मी त्याला जे बोलायचं ते बोलले. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पण वहिनी, एकसारखा कापला होता."

घोडबंदर रोडचं प्रकरण तर जन्मात विसरणार नाही. तिथल्या एका मोठ्या सोसायटीला त्याने मशीन दिलं होतं. गवत बघून, माळ्याशी दोन तास बोलून, अगदी खूश होऊन. सहा महिन्यांनी कुणी बोलावलेलं नसताना पट्टी तपासायला गेला. दुपारी मला फोन. सोसायटीचा सेक्रेटरी बोलत होता. तुमचा माणूस आमच्या लॉबीत बसलाय आणि उठत नाही, म्हणाला. माझा माणूस. मी रिक्षा केली. मेट्रोच्या खांबांमधून ती रिक्षा सरकेना, कापूरबावडीला अर्धा तास उभे. मी मनात म्हणत होते, बसू दे तिथेच, घेऊन जाऊ देत पोलीस. तरी पोहोचले.

लॉबीत गार हवा, काचा, आणि मधोमध ते मशीन. सोनेरी रंग दिलेला. पात्याच्या पिंजऱ्यात कुंड्या ठेवलेल्या. आणि शेजारी फरशीवर मांडी घालून आमचा म्हातारा. सेक्रेटरी तरुण होता, वाईट नव्हता. तो म्हणाला, "आजी, पाहा ना, आम्ही किती मानाने ठेवलंय. अँटिक आहे ते." म्हातारा वर न बघता म्हणाला, "पाती जाम केलीत." एवढंच तो दोन तास म्हणत होता. मी दोघांकडे बघितलं. माझे पाय दुखत होते. मी सेक्रेटरीला म्हटलं, बाबा, तुला शोभेला काहीतरी हवं, ते बाजारात खूप मिळेल. याला हेच हवं. घेतलेले पैसे परत घे आणि मला घरी जाऊ दे. त्याने घेतले. वॉचमनने मशीन टेम्पोत चढवून दिलं.

पुढचे वीस दिवस तो माझ्या अंगणात बसून सोनेरी रंग खरवडत होता. मी दोरीवर बोंबील वाळत घातले होते. त्या वर्षी आमच्या बोंबलांना सोन्याची कुसळं लागली होती. सगळे टाकले.

अशा माणसाने एकतीस मशिनं चांगल्या घरी द्यायची होती, दोन महिन्यांत. तो रोज सकाळी पिशवी घेऊन निघायचा. ठाणे, कल्याण, डोंबिवली, जिथे कुठे बंगला उरला असेल तिथे. संध्याकाळी आला की मी विचारायचे, किती गेली? एका हॉटेलवाल्याने दहा मागितली, भिंतीवर टांगायला. नाही म्हणाला. दीड महिन्यात पाच गेली. उरली सव्वीस. थोरले दीर आता फोन करत नव्हते, स्वतः येत होते. दारात उभं राहून मोठ्याने बोलायचे, म्हणजे गाळ्यात ऐकू जाईल. मी मुद्दाम अडवते आहे, मला जास्त जागा हवी आहे, असं भावकीत पसरलं होतं. लहान जाऊ रस्त्यात तोंड फिरवून गेली. दीर म्हणाले, "तुझ्यापायी चार घरं भाड्याच्या खोलीत कुजतायत. तुला लाज नाही का?" खरंच माझ्यामुळे अडलं होतं.

मग मी त्याला न विचारता विठ्ठलवाडीला फोन लावला. नंबर त्याच्याच जुन्या वहीत होता, वर "रंगारी" लिहिलेलं. दोन दिवसांनी टेम्पो आला आणि त्यातून याच्याएवढाच म्हातारा उतरला, काठी घेऊन. मुलं आता एसीचा धंदा करतात म्हणाला, हे मी नुसतं करतो. आमचा गाळ्यातून बाहेर आला, त्याला बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि परत आत गेला. रंगारी त्याच्या मागोमाग गेला. मी चहा ठेवला. भांडणाचा आवाज नाही, शिव्या नाहीत, मग जाऊन बघितलं तर दोघे एका मशीनसमोर उकिडवे बसलेले. एक म्हणतो हा बोल्ट मूळचा, दुसरा म्हणतो हा नंतरचा. संध्याकाळपर्यंत हेच. टेम्पोवाला माझ्याशी भांडतोय, भाडं चढतंय म्हणून. शेवटी मीच आत जाऊन सांगितलं, तुमचं लग्न लावून देते, पण आधी मशिनं भरा.

रंगारी म्हणाला, वितळवणार नाही, माझ्याच्याने होईल तोवर ठेवतो. आमचा म्हणाला, "रंग मारू नकोस." तो म्हणाला, "हात थरथरतो आता, रंग कसला मारतोय." पंचवीस गेली. एक राहिलं. त्याच्या कंपनीचं, पहिलं. ते रंगाऱ्याला द्यायला तो तयार नव्हता, आणि मुलीकडे चिपळूणला तिसऱ्या मजल्यावर घेऊन जाणं शक्य नव्हतं.

गाळा सोडायला दोन दिवस राहिलेले. मी ओटीवर भांडी बांधत होते. तो आला आणि म्हणाला, "तुमच्या नव्या बिल्डिंगचा नकाशा आहे ना तुमच्याकडे?" होता. बिल्डरने रंगीत कागद दिला होता, मी तो घडी करून देवामागे ठेवला होता. काढून दिला. त्याने चष्मा लावला. मधोमध हिरवा चौकोन होता, त्यावर बारीक इंग्रजी अक्षरं. त्यावरून त्याने बोट फिरवलं, बराच वेळ.

मला त्या चौकोनाचं ठाऊक होतं. बिल्डरचा माणूस नमुना घेऊन आला होता, प्लास्टिकच्या गवताचा तुकडा. हाताला पायपुसण्यासारखा लागला. पाणी नको, कापणं नको, साप नको, म्हणाला. मला बरं वाटलं होतं.

"इथे गवत येणार?" त्याने विचारलं.

मी हो म्हटलं.

"कोण कापेल?"

"मी कापीन."

त्याने कागदाची होती तशी घडी घातली. मग म्हणाला, "मग हे तुमच्याकडे ठेवा." बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याने गवत न बघता मशीन दिलं. मला वाटलं, थकला. दुसऱ्या दिवशी गाळा झाडून, पुसून, किल्ली हातात देऊन गेला. त्या आठवड्यात पाडायला सुरुवात झाली.

खोटं बोलल्याचं मला फार काही वाटलं नाही. चार घरं अडकली होती. मशीन मी आधी भाड्याच्या खोलीत नेलं, मग गेल्या वर्षी ताबा मिळाल्यावर नव्या फ्लॅटच्या मागच्या गॅलरीत. धुणं वाळत घालताना रोज त्याला पाय लागतो. दारावर माझं नाव आहे, पूर्ण, नवऱ्याच्या नावासकट. खाली मधोमध प्लास्टिकचं गवत, उन्हात इतकं तापतं की त्यावर कुणी चालत नाही.

पण त्याचे फोन. दर पंधरा दिवसांनी, न चुकता. बिल्डिंग होत होती तोवर ठीक होतं, अजून बांधतायत, मी म्हणायचे. ताबा मिळाल्याचं मीच बोलून बसले. मग सुरू झालं. गवत आलं का? कुठून आलं आधी? ऊन किती वेळ असतं? सावली कुठे? शेतातली मी, गवताचं मला कळत नव्हतं असं नाही. खाली जाऊन बघून यायचे ऊन कुठवर येतं ते, आणि तसं सांगायचे. पंपाच्या खोलीकडे सावली आहे, तिकडे विरळ आहे. गेटकडे दाट आलंय. मधे लव्हाळा निघाला होता, उपटून काढला. पाऊस लागला तेव्हा मी म्हणाले, पाणी साचतंय, पिवळं पडायला लागलंय. तो म्हणाला, दोन ठिकाणी चर मारा. मारते म्हणाले. सहा-सात महिने हे. आमच्या बिल्डिंगच्या सेक्रेटरीने एकदा विचारलं, आजी रोज खाली उभं राहून काय बघता? काय सांगणार त्याला.

मागच्या महिन्यात मला कंटाळा आला. फोन आला, गवत कसं आहे म्हणाला. मी म्हटलं, "प्लास्टिकचं आहे ते. तुम्ही विचारलंत तेव्हाच मला माहीत होतं. मला गाळा रिकामा हवा होता म्हणून हो म्हणाले."

पलीकडे टीव्हीचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "नकाशावर लिहिलेलं होतं, वहिनी. मी तेव्हाच वाचलं."

मी चिडले. मी इंग्रजी वाचत नाही, पण तो कंपनीतला फिटर, त्याचं अर्धं आयुष्य नकाशे वाचण्यात गेलेलं. हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही. मी विचारलं, मग मशीन का दिलंत?

"तुमचे दीर दारात उभे राहून काय बोलायचे ते मला ऐकू यायचं," तो म्हणाला.

"आणि सहा महिने मला गवत विचारताय ते?"

"तुम्ही चांगलं सांगत होता," तो म्हणाला. "इथे गवतातलं कुणाला काही माहीत नसतं."

मी फोन ठेवून दिला. असल्या माणसाशी काय बोलायचं.

पंधरा दिवसांनी परत फोन आला. गवत कसं आहे, म्हणाला. मी भांडी घासत होते, हात ओले. म्हटलं, पंपाकडे अजून विरळच आहे. त्याने विचारलं, पाणी कधी घालता. मी म्हटलं, सकाळी, ऊन चढायच्या आधी.